सुजाताताईंचा उजवा गुडघा

तिसऱ्यांदा सीट वर केली, तरी सुजाताताईंचा गुडघा दुखायचा थांबला नव्हता.

"या खेपेला किती वर घेतली?" मी विचारलं.

"बोटभर," विनोदभाऊ म्हणाले. विनोदभाऊ म्हणजे ताईंचे मिस्टर. कापूरहोळच्या फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. बायकोची सायकल त्यांनी ओळखीच्या टेम्पोत टाकून माझ्या दारात आणून उभी केली होती. "आता अजून वर घेतली तर हिचे पायच टेकायचे न्हाईत, डॉक्टर."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी ती चूक दुरुस्त करायचो, आता करत नाही. नसरापुरात माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. शनिवार-रविवारी पुण्याहून सायकलवाले वेल्ह्याच्या चढांवर जातात. येताना कुणाचा तरी गुडघा धरलेला असतो. सुरुवातीला असे एक-दोन यायचे, मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. सायकलवाल्यांचे गुडघे म्हटलं की माझं नाव निघायला लागलं. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

सायकलवाल्याचा गुडघा ही तशी अवघड गोष्ट नाही. बहुतेक वेळा माणसात बिघाड नसतो, सायकल त्याच्या मापाची नसते. सीट खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो, वाटीमागे दाब येतो आणि समोरून दुखतं. सीट फार वर असेल तर मागून दुखतं. पाऊल तिरकं पडत असेल तर बाजूनं. जड गिअर टाकून चढावर जोर लावणाऱ्यांच्या वाटीवर भार येतो. सीटचं माप घ्यायची युक्ती सोपी आहे. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा पंजा ठेवला की गुडघ्याला जरासा बाक राहतो. तेवढाच हवा. त्याला जोडून थोडे दिवस विश्रांती, मांडीचे व्यायाम, आणि हळूहळू पुन्हा सायकल. दहातले बरेच जण एवढ्यानं बरे होतात, आणि मग मला मोठा माणूस समजतात.

सुजाताताई त्या सायकलवाल्यांपैकी नव्हत्या. त्या आशा सेविका. किकवीच्या आत, हायवेपासून दूर असलेल्या वाड्या त्यांच्याकडे होत्या. गरोदर बायकांच्या नोंदी, बाळांची वजनं, टीबीच्या पेशंटच्या गोळ्या, सगळं सायकलवरून. वय छत्तीस. सायकल साधी, बायकांची, बिनगिअरची. कॅरिअरला वजनकाटा आणि रजिस्टरांची पिशवी.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "नेमकं कुठं दुखतं? एक बोट ठेवून दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं नाही. तळवा मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत फिरवला. "बोट ठेवायला गावत न्हाई, सर. ह्या सगळ्यातच हाय. गुडघ्यात लई."

"कधी दुखतं?"

"चढाला. आन् आता तर निजल्यावर बी ठणकतं. मांडी घालून बसायला गेलं की पाय उघडतच न्हाई."

"चढाला उतरून चालत जाता का?"

"कवा जायचं मग? चार वाड्या हायेत."

मी सायकल बघायला बाहेर गेलो आणि मला माझं उत्तर मिळालं. सीट पार खाली. पिशवीचं वजन असल्यामुळे थांबलं की दोन्ही पाय टेकावेत, म्हणून त्यांनी ती तशी ठेवली होती. बिनगिअरची सायकल, खाली सीट, चढाचे रस्ते. पुस्तकात चित्र असावं तशी केस.

आत येऊन फॉर्म भरला. आधीचे आजार विचारले.

"काय न्हाई. कोरोना झाला व्हता तेवढा. ड्युटीवरच झाला. लई शिरेस व्हते."

तेव्हा कोरोना न झालेला पेशंट मला माहीतच नव्हता. मी 'आधीचे आजार' या रकान्यात लिहिलं : विशेष नाही.

गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितला. तो स्वच्छ आला. मला बरं वाटलं. ताईंना भिंतीला पाठ टेकवून अर्ध्यापर्यंत खाली बसायचा व्यायाम दिला. मांडीला ताकद यावी म्हणून. आठवडाभर सायकल बंद. सीट वर करायची.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. दुखणं कमी होतं. मी खूश झालो. आठ दिवस पायाला आराम दिला की बरीच दुखणी कमी होतात, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

मग पुन्हा दुखायला लागलं. पुन्हा सीट वर. व्यायाम वाढवला. मशीनचे शेक दिले. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "सर, तुमचा तो भिंतीचा व्यायाम केला की जास्तच दुखतंय."

"सुरुवातीला दुखणारच. स्नायू अशक्त आहेत. सोडू नका."

"न्हाई सोडत."

आणि त्यांनी खरंच सोडला नाही. बाळंतिणींना गोळ्या घ्यायला लावणारी बाई ती. सांगितलेलं पाळायचं, हे त्या लोकांना रोज शिकवत होत्या.

एकदा मात्र त्या काहीतरी बोलायला गेल्या होत्या. "सर, वरच्या बाजूला बी जरा..." असं म्हणून त्यांनी विनोदभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर सावरला. "न्हाई, काय न्हाई." दाराबाहेर बाकावर दोन पेशंट वाट बघत होते. मी विचारलं नाही.

तर त्या दिवशी, तिसऱ्यांदा सीट वर केल्यानंतर, मी पुन्हा टाचेचं माप घेतलं. माप अगदी बरोबर होतं. सायकलमध्ये आता काहीही चूक नव्हती. मी म्हटलं, आणखी पंधरा दिवस बघू. विनोदभाऊ सायकल टेम्पोत चढवायला गेले. ताई त्यांच्या मागे निघाल्या. मी दारात उभा होतो, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना पाठीमागून चालताना बघितलं.

उजवा पाय टेकला की कंबर डावीकडे खाली जात होती. प्रत्येक पावलाला. गुडघा दुखणारा माणूस असा चालत नाही. असा चालतो तो खुब्याचा पेशंट.

"ताई, परत या. पाच मिनिटं."

त्यांना टेबलावर झोपवलं. उजवा पाय गुडघ्यात वाकवून धरला आणि खुबा आतल्या बाजूला फिरवायला गेलो. फिरलाच नाही. जराही. ताई ओरडल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुठं दुखलं?"

डोळ्यांतून पाणी येत होतं. "जांघेत," त्या म्हणाल्या. "पयल्यापासनं तिथंच सुरू व्हतं. तुमाला कसं सांगायचं? तुमी सारखं गुडघाच इचारत व्हता."

खुब्यातून आणि गुडघ्यातून काही नसा एकाच वाटेनं जातात. खुबा बिघडला की मेंदूला कधीकधी गुडघा दुखल्यासारखा वाटतो. म्हणून दुखणं बोटानं दाखवता येत नाही, तळव्यानं दाखवावं लागतं. म्हणून मांडी घालता येत नाही. म्हणून रात्री ठणकतं. ताईंनी पहिल्याच दिवशी मला सगळं सांगितलं होतं, एक जांघ सोडून.

मी खुर्चीवर बसलो. विचारलं, "कोरोनात ॲडमिट होता?"

"बावीस दिस. ऑक्सिजनवर."

"स्टेरॉइड दिलं होतं?"

"लई. हातात सलाईन, त्यात सुया. घरी आल्यावर बी गोळ्या व्हत्या. त्यानंच वाचले म्हणले डॉक्टर."

ते खरंच होतं. त्या औषधानंच त्या वाचल्या होत्या. पण तेच औषध काही जणांच्या खुब्याचा रक्तपुरवठा बंद करतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो. रक्त बंद झालं की तो आतून मरतो. बाहेरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग एक दिवस वजनानं तो चेपतो. लवकर कळलं तर हाडाला छिद्रं पाडून आतला दाब कमी करतात आणि वजन टाकू देत नाहीत, काही जणांचा गोळा त्यानं टिकतो. मी वजन टाकायला लावलं होतं. रोज तीस वेळा, भिंतीला टेकून.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या हाडांच्या सर्जनना फोटो पाठवले. त्यांनी फोन केला.

"गोळा चेपलाय. सांधा बदलायला लागेल. डाव्या बाजूलाही सुरुवात दिसते. तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"चार महिने."

मग मीच विचारलं,

"सर, चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?"

"सांगता येत नाही. कदाचित टिकला असता. कदाचित नसता."

"आणि व्यायामानं?"

"तेही सांगता येत नाही. तू स्वतःला विचारत बसू नकोस."

हे सांगणं सोपं असतं.

रिपोर्ट मी स्वतः किकवीला घेऊन गेलो. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. दोघंही घरी होते. मी सगळं सांगितलं. खुबा आहे, गुडघा कधी नव्हताच, आणि मला हे आधी कळायला हवं होतं.

विनोदभाऊ म्हणाले, "म्या सीट वर घेतली त्यानं झालं काय हे? तीन डाव म्याच वर घेतली."

"नाही भाऊ. सीटचा काही संबंध नाही. तुम्ही मी सांगितलं ते केलं."

त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. मान हलवली एवढंच.

ताई म्हणाल्या, "सांदा बदलल्यावर सायकल चालवता येईल का?"

"थोडी. सपाटीवर."

"आन् खाली बसता?"

मी नाही म्हटलं. जमिनीवर मांडी घालता येणार नाही, उकिडवं बसता येणार नाही.

"मंग बाळांची वजनं कशी करायची?" त्या म्हणाल्या. मला विचारलेला प्रश्न नव्हता तो. वाड्यांमध्ये सगळं जमिनीवर बसूनच असतं.

ऑपरेशन झालं. सांधा चांगला बसला, सर्जननी काम उत्तम केलं. त्यानंतरचे व्यायाम मीच घेतले. दुसरीकडे जाता का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कुठं जाऊ? पुण्याला रोज कोण नेणार?" त्या माझ्याकडे आल्या त्या विश्वास होता म्हणून नव्हे. जवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आल्या.

आठ महिन्यांनी डावा खुबाही चेपला. त्याच्याकडे आम्ही पहिल्यापासून लक्ष ठेवून होतो, छिद्रंही पाडली होती. तरी गेला. त्याच्या ऑपरेशनची तारीख अजून लागायची आहे. वाड्यांना आता दुसरी आशा सेविका आहे, ती स्कूटीवर फिरते. सुजाताताई काठी घेऊन ओसरीवर खुर्चीत बसतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी पुन्हा माफी मागायला लागलो. त्यांनी थांबवलं.

"मुद्दाम केलं न्हाई तुमी, म्हायती हाय मला. पर सर, म्या पाळलं सगळं. एक दिस चुकवला न्हाई. चुकवला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं कवाकवा."



आता क्लिनिकमध्ये स्त्री पेशंटसाठी एक मदतनीस बाई आहेत, आणि तपासताना घरच्यांना मी बाहेर बसवतो, पेशंटनं थांबू द्या म्हटलं तरच आत घेतो. गुडघ्याचा कुणीही आला, अगदी लाखभर रुपयांची सायकल घेऊन आला, तरी आधी त्याला चालायला लावतो, मग झोपवून खुबा फिरवतो, आणि त्यानंतर सायकल बघतो. सगळं मिळून दोन मिनिटं जातात.

गुडघ्याच्या पेशंटचा खुबा तपासल्याशिवाय सोडू नये, हे आम्हाला कॉलेजात दुसऱ्याच वर्षी शिकवलं होतं. परीक्षेतही आलं होतं. मला त्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते.