शॉवरची घंटी

भंडाऱ्याच्या एका विज्ञान महाविद्यालयात कीर्ती निपाने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वडील आंधळगावला कोसा रेशमाच्या साड्या विणायचे. पोरगी कॉलेजात लागली, याचा त्यांना कोण अभिमान.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक शॉवर होता. अंगावर आम्ल सांडलं की त्याखाली उभं राहून दांडी ओढायची. ती परत वर ढकलेपर्यंत पाणी वाहतच राहायचं, आणि खाली मोरी नव्हती. दिवाळीच्या सुटीत रंगाऱ्यांची शिडी त्या दांडीत अडकली आणि पाणी सुरू झालं. कुणाच्या ध्यानात येण्याआधीच खालच्या ग्रंथालयाच्या छताचा गिलावा कोसळला आणि दोन कपाटांतली पुस्तकं फुगून बसली.

प्राचार्या सुलोचनाबाईंनी शॉवरचा व्हॉल्व्हच बंद करायला लावला. कीर्तीला ते काही पटेना. तिनं बरेच दिवस मनात घोळवलं, मग धीर करून केबिनमध्ये गेली.

“मॅडम, एखाद्या पोराच्या अंगावर सांडलं तर?”

“आणि पुन्हा ग्रंथालय भिजलं तर? मी काय उत्तर देऊ?”

दोघींचंही खरं होतं. तोडगा काढला भौतिकशास्त्राच्या अतुल सरांनी. शॉवर सुरू झाला की चौकीदाराच्या खोलीत घंटी वाजेल, असं एक छोटं यंत्र त्यांनी पाइपात बसवलं. मग व्हॉल्व्ह उघडला. दर सोमवारी कीर्ती बादली लावून दांडी ओढायची, आणि घंटी वाजली की चौकीदार चिंधूभाऊ खालून हात हलवायचे.

एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी कीर्ती मागच्या खोलीत बाटल्या लावत असताना पाण्याचा आवाज आला. ती धावली. पहिल्या वर्षाची टीना शॉवरखाली उभी होती. मानेवर आणि हातावर आम्ल उडालं होतं. फरशीवर पाणी पसरताना पाहून ती दांडीकडे हात नेत होती.

“ताई, खाली पाणी जाऊन राह्यलं. बंद करते मी.”

“जाऊ दे पाणी. तू हलू नको.” कीर्ती स्वतःच शॉवरखाली शिरली, टीनाचा ॲप्रन काढला आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून ठेवलं.

तेवढ्यात घंटी ऐकून चिंधूभाऊ पोती घेऊन वर आले. “पाण्याचं मी पाह्यतो बाई, तुम्ही पोरीले सांभाळा. मॅडमची गाडी खाली लावाले सांगतली.” त्यांनी दारात पोती टाकली आणि मुलांना हाताशी घेऊन पाणी व्हरांड्यातल्या पन्हाळीकडे लोटलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इतका वेळ पाणी घेतलं म्हणून निभावलं. मानेवर फिकट डाग तेवढा राहिला. ग्रंथालयात एका कोपऱ्यात ओल आली, बाकी काही नाही.

संध्याकाळी सुलोचनाबाई प्रयोगशाळेत आल्या. ओल्या फरशीकडे पाहत म्हणाल्या, “उन्हाळ्यात इथं मोरी करून घेऊ.” आणि करून घेतली.

टीना आता दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या मुलांना शॉवर दाखवायचं काम तिनं कीर्तीकडून मागून घेतलं आहे. एकेकाला दांडी ओढायला लावते आणि सांगते, “भिजाले लाजू नका.”