केबल यायचीय, अण्णा!

आमच्या घरगुती स्टुडिओत गाणी मोजकीच रेकॉर्ड झाली, किस्से मात्र ढिगाने जमले. कोणी चहाला आलं की संदीप लगेच सुरू होतो, "अरे, तो अंड्यांच्या ट्रेचा किस्सा सांग ना!" सगळे हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू, आतून लाजच वाटते. कारण ह्यातल्या प्रत्येक किश्श्यात अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पेटी पुढ्यात घेऊन, आमची वाट बघत बसलेले असतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर अंबडला कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी वस्त्यावस्त्यांमधून भीमगीतं. गाणी स्वतः रचलेली, चाली स्वतःच्या, सगळं तोंडपाठ, आणि रेकॉर्डिंग एकाचंही नाही. यंदा त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. पण आवाजाची नस अगदी शेजारी आहे. गाणी भरायची असतील तर ऑपरेशनच्या आधी भरून घ्या."

झालं! इंदिरानगरच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत स्टुडिओ करायचं ठरलं. लॅपटॉप माझा, अक्कल संदीपची. तो माझ्याच कंपनीतला, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून माईकचे रिव्ह्यू बघणारा. तिसरा दीपक, अण्णांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा.

*

पहिला घोळ माईक निवडताना झाला. ओळखीच्या दुकानदाराने दोन माईक ट्रायलला दिले. मी दोन्हींवर बोलून रेकॉर्ड केलं आणि संदीपला डोळे मिटून ऐकायला बसवलं.

"पहिला पत्र्यासारखा वाजतोय," संदीप म्हणाला. "दुसरा बघ! काय वजन आहे आवाजात! आहाहा!"

मी स्क्रीनकडे बघितलं आणि माझे कान तापले. मी एकच फाईल दोनदा वाजवली होती!

सांगितल्यावर संदीपने कान चोळले. मग म्हणाला, "दुसऱ्यांदा कान तयार झालेले असतात रे."

कोपऱ्यातून अण्णांनी विचारलं, "मग मी कोणत्यात गाऊ?"

"ठरवतो, अण्णा. अजून केबल यायचीय," मी म्हणालो. अण्णांनी पेटी बंद केली.

*

मग कोणीतरी सांगितलं, अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले की आवाज घुमत नाही. दीपकने द्वारका चौकातल्या अंडेवाल्याकडून पोतंभर ट्रे आणले. आम्ही ते छतापर्यंत चिकटवले. खोली घुमायची ती घुमतच राहिली, वर वास सुटला आणि मुंग्या लागल्या. आई नाकाला पदर लावून दारात उभी राहिली. "कोंबड्या कधी आणताय?"

नेमके तेव्हाच अण्णांच्या तब्येतीची चौकशी करायला पाहुणे आले. ते बिचारे नाकाला रुमाल लावून बसले, आणि अण्णा त्यांना कौतुकाने सांगत होते, "पोरं स्टुडिओ करतायत माझ्यासाठी." मला वाटलं भिंतीत शिरावं, पण भिंतीवर जागाच नव्हती!

*

त्यानंतर माईक मुका झाला. काही केल्या आवाज येईना. संदीपने दुकानदाराला फोन लावला आणि जे तोंड सोडलं! "डबडं गळ्यात मारलंत! माणसाचं ऑपरेशन तोंडावर आलंय, लाज वाटत नाही?"

ह्या आरडाओरड्यात दीपकचा कोपर इंटरफेसला लागला. इंटरफेस म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा. त्याच्यावर माईकला वीज देणारं एक बटण असतं. ते आम्ही दाबलंच नव्हतं. कोपराने ते दाबलं गेलं, रेकॉर्डिंग चालू होतंच, आणि आमच्या स्टुडिओतलं पहिलं खणखणीत रेकॉर्डिंग म्हणजे संदीपने दुकानदाराला घातलेल्या शिव्या!

"आवाज छान आलाय," अण्णा म्हणाले.

सॉरी म्हणायला आमच्यापैकी कोणी फोन लावेना. शेवटी अण्णांनीच लावला. पोरांचं चुकलं म्हणाले. आम्ही तिघं तिथेच उभे होतो, माना खाली घालून.

*

पुढची अडचण कोरसची. गायन पार्टीत गायकाने अर्धी ओळ टाकायची आणि मागच्यांनी उरलेली उचलायची. अण्णांना तीच सवय. ट्रायलला अर्धी ओळ म्हणून ते थांबले आणि मागे वळून बघू लागले.

"अण्णा, कोरस नंतर वेगळा भरू," संदीप म्हणाला. "आत्ता दोन आवाज मिसळायला नकोत."

"नंतर? मी ओळ टाकायची आन् उचलायला मागं कोनी नाय? लय पोकळ वाटतं रे." पण पोरं सांगतायत म्हणून तयार झाले.

आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मी इथे मेथी निवडत बसले तर चालेल ना?"

"बिनधास्त, काकू!" संदीप म्हणाला. "हा माईक फक्त समोरचंच ऐकतो. मागचं त्याला काही कळत नाही."

*

केबल, स्टँड, फोम करता करता ॲडमिट व्हायचा आदला दिवस उजाडला. लॅपटॉपचा पंखा घरघरतो म्हणून संदीपने तो लांब, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. अण्णा डोळे मिटून गायले. एकामागून एक, सगळी गाणी. प्रत्येक ओळीनंतर कोरसपुरते थांबायचे आणि पुढे जायचे. संदीपने हेडफोन लावूनच अंगठा दाखवला, "एक नंबर!"

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. नुसती घरघर उरली. अण्णा घरी आले, शर्ट बदलून बसले आणि हाताने खूण केली, लावा.

मी लावलं. अण्णांचा आवाज कुठूनतरी लांबून आला. आणि अगदी कानाशी मेथीच्या जुडीची सळसळ!

मी लॅपटॉपमध्ये बघितलं. त्या दिवशी सेटिंगमध्ये आमचा माईक निवडायचाच राहिला होता. संदीपला हेडफोनमध्ये ऐकू आला तो आवाज थेट इंटरफेसच्या डब्यातून. रेकॉर्ड झालं ते लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकवर, ओट्यावरून. संदीप खाली बसला. दीपक भिंतीकडे बघत राहिला. मला अण्णांकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमधले अण्णा अर्धी ओळ टाकून थांबले. उरलेली ओळ आईने उचलली. हलक्या आवाजात, पण सुरात. पुढची ओळही. त्याच्या पुढचीही. प्रत्येक गाण्याला, एकही जागा न सोडता! ती अण्णांच्या पार्टीत कधी उभी राहिली नव्हती. तिला गाताना आम्ही कोणीच ऐकलेलं नव्हतं.

आई लाजेने लालबुंद झाली. "मला काय माहीत! हाच म्हणाला, ते फक्त समोरचंच ऐकतं!" आणि ती आत पळाली.

अण्णा शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि घोगऱ्या आवाजात, अडखळत म्हणाले, "हिला बोलाव. माईकसमोर बसव. कोरस मी धरतो."