न दाबलेलं बटण

माझे बाबा रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. तिथली शिकवण एकच: वास आला, काटा हलला, काही वेगळं दिसलं, की आधी सगळं बंद, मग विचार. कारखान्यात ते बरोबरच होतं. पण निवृत्तीनंतर ती सवय आमच्या दहिवलीच्या घरी राहायला आली. मिक्सर जरा कुरकुरला की बाबा मेन स्विच पाडायचे आणि मशीनमधले कपडे साबणाच्या पाण्यात तसेच भिजत पडायचे.

त्यात मी घरातूनच इंटरनेटचा धंदा सुरू केला. आतल्या खोलीत मोठा राउटर, त्यावर आमच्या आळीतली घरं आणि काही दुकानं. बाबांनी हौसेने त्याच्या बोर्डावर एक लाल बटण बसवून दिलं, दाबलं की सगळं एकदम बंद. मी नको नको म्हणत होते, पण ऐकतात कुठले.

एका दुपारी मी कर्जतच्या बाजारात दुकानाच्या पत्र्यावर चढून वायर ओढत होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"वाण्याचं नेट गेलंय गं. दारात उभा हाय. बंद करून चालू करतो."

"बाबा, हात लावू नका. शेजारी मुलाखत चालू आहे."

शेजारची मुलगी नेमकी त्याच वेळी पुण्याच्या कंपनीला ऑनलाइन मुलाखत देत होती. बरेच नकार पचवून मिळालेली संधी. सकाळी बाबांच्या पाया पडून गेली होती.

"तिचं बी गेलंच असंल की."

"तिचं चालू असणार. थांबा, मी बघते."

मोबाइलवरूनच राउटरमध्ये शिरले. जुन्या राउटरमध्ये सगळा कारभार एकाच प्रोग्रामच्या गळ्यात असायचा; एक काम बिघडलं की सगळंच आडवं. तिथे बाबांचं बटण शोभलं असतं. हल्ली प्रत्येक कामाला वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्राम असतो. एक रस्ते शोधते, एक वायरींवर लक्ष ठेवते, एक नेटवर नवीन येणाऱ्याला पत्ता देते, ज्याच्याशिवाय नेट चालत नाही. कोणी कोणाच्या जागेत पाय टाकायचा नाही. आपलं काम कुठवर आलं ते जी ती एका सामाईक जागी मांडून ठेवते, आणि वर एक देखरेख करणारी असते. कोणी मेली, म्हणजे बंद पडली, की तिच्या जागी ती लगेच नवी उभी करते.

आमची पत्ता देणारी मेली नव्हती, नुसती अडकून बसली होती. देखरेख करणारीला मेलेली ओळखू येते, बसून राहिलेली नाही. वाण्याने दुकानातला आपला नेटचा डबा बंद करून पुन्हा चालू केला होता, म्हणून त्याला नवा पत्ता हवा होता आणि तो मिळेना. मुलीकडे मात्र पत्ता आधीपासूनच होता, म्हणून तिचं चालू होतं.

"बाबा, भाताच्या आवणीच्या वेळी रोपं वाहणारी बांधावर बसून राहिली, तर सगळ्या बायांना घरी पाठवता का?"

"नाय. तिलाच उठवायची."

"तेच करतेय. बटणावरचा हात काढा."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. बिघाड समोर दिसत असताना गप्प उभं राहायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"काढला," ते म्हणाले.

मी ती एकच प्रोसेस मारली. देखरेख करणारीने नवी उभी केली, तिने सामाईक जागेवरून कोणाला काय दिलंय ते वाचून घेतलं आणि कामाला लागली. वाणी खूश होऊन दुकानात गेला. पलीकडे मुलगी बोलतच होती. मधे काही घडलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

नोकरी लागली तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि पहिला माझ्यापुढे धरला.

"आधी बाबांना दे," मी म्हटलं. "त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही म्हणून."

बाबांनी पेढा हातात घेतला.

"कारखाना इतक्यांदा बंद केला," ते म्हणाले, "तवा कुणी पेढा दिला नाय गं."

मग त्याचे दोन तुकडे करून अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.