फवारलेला बांध

काल सकाळी वारा पडलेला बघून बांधावर तणनाशक मारलं. हातमोजे, तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा. डब्यावर लिहिलंय तसं सगळं केलं. पंप वाहून पाठ अजून ठणकतेय.

आज बांधावर आलो, तर शेजारच्या अनसूयाकाकू वाकून तांदुळजा खुडत होत्या. कितीतरी वर्षं त्या आमच्याकडे खुरपायला यायच्या. जाताना ओचाभर रानभाजी घरी न्यायची, ही खुरपणाऱ्या बायकांची रीतच.

"काकू, टाका ती! काल औषध मारलंय."

"मारलंय? अरे, हिरवीगार तर आहे."

खरंच होती. हे औषध पानांतून मुळापर्यंत सावकाश उतरतं. पिवळं पडायला आठवडा जातो. तोवर तण वाऱ्यावर डुलतं, पहाटेचं दव अंगावर घेतं. आपलं संपलंय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बघता बघता मलाच थकल्यासारखं झालं. या रानात असं किती काय नुसतंच हिरवं दिसत उभं असेल, कोण जाणे.

काकूंनी ओचा झटकला. मी मोटर सुरू केली, साबण दिला. पाण्याच्या धारेखाली हात चोळता चोळता त्या म्हणाल्या, "आता खुरपायला बोलवत नाहीस, ते यामुळंच ना?"

आवाजात राग नव्हता.

"लुगडंही आजच धुवून टाका," एवढंच मी म्हणालो.