नंबरप्लेटीवरचा दिवा

मी आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेलो आणि बायको गाडीच्या मागे उभी. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. नेहमीचंच होतं. उरणला रस्त्याला लागून आमचं घर, पडवीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम. बंदरावरचे ट्रेलरवाले यायचे, मी केबिनमध्ये चढायचो आणि ती मागे जाऊन ओरडायची, "लागली!" नाहीतर "न्हाय लागली!" उन्हात दिवा कळत नाही, म्हणून पदर आडवा धरून बघायची. पोरंबाळं आम्हाला नाहीत. मदतीला तीच.

ही गाडी मात्र ट्रेलर नव्हता. दोन माणसांची, उघड्या टपाची, जुनी विलायती गाडी. अलिबागेकडे बंगला बांधलेल्या एका शेठची. उजवी ब्रेक लाइट कधी लागायची, कधी मंद, कधी मेलेली. आपल्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, हिच्यात प्लस. मी चौथी नापास माणूस, पण चाळीस वर्षं वायरी ओढल्यात. तरी या उलट्या प्रकरणाने माझं डोकं फिरवलं होतं. डॅशबोर्ड खोलला, ब्रेकचा स्विच बदलला, कापडात गुंडाळलेली जुनी वायर पुढून मागेपर्यंत वीत वीत तपासली. तीन आठवडे.

"लागली का?"

"लागली. पन मंद हाय."

"पुन्हा बघ."

"अवो, तुमी ब्रेक दाबला का नंबरप्लेटीवरची बी मिणमिणते. तिला कोनी सांगितलं पेटायला?"

"तुला ब्रेकचं विचारलंय. जास्ती डोकं चालवू नको. गप उभी रहा."

"र्‍हायली गप," ती म्हणाली. "जेवायला बी हाक मारनार न्हाय. त्या गाडीलाच सांगा वाढायला."

आणि मागच्या दारी मांदेली धुवायला गेली. थोड्या वेळाने घमेलं पडल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. मांजर असेल, असं वाटलं. मग शेजारीण ओरडली.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. दुपारी नेलं दवाखान्यात आणि अंधार पडायच्या आत सगळं आटोपलंसुद्धा. इतक्या भराभर मी आयुष्यात कुठलं काम केलेलं नाही.

संध्याकाळी शेठचा फोन आला. माणूस चांगला. "काका, तुम्ही आता गाडीचा विचार करू नका. उद्या दहाला टोइंगवाला पाठवतो. मुंबईत दाखवतो कुणाला तरी."

मी बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि तेव्हापासून मला बसवेना. लोक भेटायला येत होते, मी उठून रस्त्यापर्यंत जायचो, परत यायचो. कुणी पाठीवर हात ठेवला की पुन्हा उठायचो. माझा शेवटचा शब्द तिला काय, तर गप उभी रहा. ती बरोबर होती का चूक, ते त्या गाडीत होतं आणि गाडी दहाला जाणार होती. खरं सांगतो, ती चूक निघावी असं मला वाटत होतं. चूक निघाली असती तर माझं ओरडणं तरी जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी पेचकस घेतला. तिची धाकटी बहीण दारात उभी राहिली.

"भावजी, सुतक हाय. हत्यार धरत न्हाईत."

"माहीत हाय."

"लोक काय बोलतील?"

"बोलू दे. दहा वाजेपर्यंत बोलतील."

उजव्या दिव्याचे दोन स्क्रू सोडले आणि दिवा हातात घेतला. मागे पत्र्यावर जाड लाल थर. रेड ऑक्साइड. आमच्या खारट हवेत पत्रा टिकत नाही, म्हणून पावसाळ्याआधी आम्ही दिसेल त्या लोखंडाला रंग फासतो. दरवाजा असो, खिडकीचे गज असोत, गाडी असो. गेल्या वर्षी ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मीच फासला होता. शेठला म्हणालोही होतो, आता दहा वर्षं बघायला नको. आणि त्याच रंगावर दिवा परत आवळला होता.

आता ट्रेलरला मी प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थिंगची वायर देतो. या गाडीत तशी वायरच नाही. दिवा पत्र्याला टेकतो आणि पत्र्यातूनच करंटचं चक्र पुरं होतं. मध्ये रंग आला की करंट अडतो आणि दुसरी वाट शोधतो. त्याला वाट सापडली होती नंबरप्लेटीवरच्या दिव्यातून. म्हणून तो मिणमिणत होता. शिकाऊ पोराला कळेल अशी गोष्ट. ती डोळ्यांनी बघून सांगत होती आणि मी डॅशबोर्डमध्ये डोकं घालून बसलो होतो.

पॉलिश पेपरने रंग घासला. खाली पत्रा चकचकीत होता, रंगाने आपलं काम चोख केलं होतं. दिवा आवळला. सीट आणि पेडलच्या मध्ये बांबूचा तुकडा दाबून बसवला आणि मागे गेलो. उजवी लाइट लालभडक. नंबरप्लेटीवर काळोख.

मी तसाच आत गेलो. बायका चटईवर बसल्या होत्या. म्हणालो, "काल मी तिला गप रहा म्हणालो. ती बरोबर सांगत होती. फॉल्ट माझा होता. मीच केलेला."

कुणाला काही समजलं नसावं. एक म्हातारी हळूच म्हणाली, "ह्याला पानी द्या कोनी." मेहुणी तेवढी माझ्याकडे बघत राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मंग तिला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "आमाला काय सांगता?"

मी शेठला फोन लावला. म्हटलं, टोइंगवाला पाठवू नका, फॉल्ट सापडला, बायकोने धरला. त्याने विचारलं, "काका, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हणालो, नाही. पण गाडी ठीक होईल.

मग बाहेर आलो आणि डाव्या दिव्याचे स्क्रू सोडायला घेतले. तिथंही रंग मीच मारला होता.