खर्ड्याचं ‘व्हय’

कोणतंही यंत्र असो, चाचा आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे. लेथ असो, कूलर असो, नाहीतर ऑफिसातला प्रिंटर. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणायचे, “हाय, जीव हाय.” नसला तर काहीच म्हणायचे नाहीत, मुकाट्यानं पाना-पक्कड काढायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. नागापूरच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी तिथे हिशेबाला, चाचा मेंटेनन्सला. त्यांचं गाव खर्डा, जामखेडच्या पलीकडे. गावी त्यांची अम्मा एकटी, इथे भाड्याच्या खोलीत चाचा एकटे. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायचे, “राहून गेलं.” दोरीवर कपडे राहून गेल्यासारखं सांगायचे, त्यामुळे पुढे कुणी विचारायचं नाही.

माझा ऑफिसातला जुना संगणक भंगारात निघाला तेव्हा चाचांनी तो मालकांकडून मागून घेतला. मला त्या खोक्याची कवडीची माया नव्हती. सकाळी बटण दाबून मी चहा पिऊन यायचे, तरी ते आपलं डोळे चोळतच असायचं.

“याचं काय लोणचं घालणार, चाचा?”

“वेब सर्व्हर करनार.”

मला हसू आवरेना.

“हसू नका, ताई. घराला बाहेरून कडी वाजवता आली पायजे. मी हितून मोबाईलवरनं वाजवली, की तिकडं घरानं ‘व्हय’ म्हनायचं. बास, येवढंच.”

हिंदी व्हिडिओ बघत बघत ते शिकले. पहिल्यांदा त्या संगणकाचं पान मोबाईलवर उघडलं ते फक्त त्यांच्या खोलीत. वर्कशॉपमधून काही केल्या उघडेना. “घरातल्या घरात व्हय म्हनून काय फायदा?” म्हणून पुन्हा भिडले. शेवटी एकदा माझ्या मोबाईलवर पांढरं पान उघडलं आणि त्यावर ठळक अक्षरात एकच शब्द आला, ‘व्हय’. चाचांनी सगळ्या वर्कशॉपला पेढे वाटले. मग संगणक चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन खर्ड्याला नेला. कंडक्टरनं विचारलं, हे काय? तर म्हणाले, “अम्माला सोबतीन नेतोय.”

अम्माला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोन वाजला तरी कळायचा नाही. आणि उचललाच, तर अंगात ताप असला तरी “बरी हाय मी” हेच उत्तर. चाचा म्हणायचे, “फोनवर मानूस खोटं बोलतं. बटन बोलत न्हाई.” ठरलं ते असं: झोपताना अम्मानं संगणक बंद करायचा आणि सकाळी फजरची नमाज झाली की बटण दाबायचं. पान उघडलं म्हणजे अम्मा उठली, हिंडतीफिरती आहे. पूर्वी शेजारच्या चुलीचा धूर बघून लोक जे ओळखायचे, तेच हे.

दहाच्या चहाला चाचा माझ्या टेबलाशी यायचे. “ताई, कडी वाजवा बरं.” मी पान उघडायचे. ‘व्हय’ दिसलं की ते बशीत चहा ओतायचे, त्याआधी नाही. एकदा उघडलं नाही. त्यांनी तिथूनच शेजाऱ्यांना फोन लावला. अम्मा तापानं फणफणली होती. चाचा मिळेल त्या एसटीनं गेले, तिला जामखेडच्या दवाखान्यात ठेवलं, बरी करून आले. त्यानंतर त्या पानाला हसायची आमची कुणाची छाती नव्हती.

एकदा मीही खर्ड्याला गेले होते. संगणकावर खंडेनवमीला मी लावलेल्या हळदीकुंकवाचा डाग तसाच होता. पुसायचा ना, म्हटलं, तर अम्मा म्हणाली, “राहू दे की. कुनीतरी मायेनं लावलंय.” मी माया केली नव्हती, दरवर्षी लावतात म्हणून लावलं होतं. पण तिला तसं सांगवेना.

खर्ड्याला लाईट सारखी जायची. लाईट गेली की संगणक बंद, पान बंद. आली की अम्मा भिंतीचा आधार घेत उठायची, बटण दाबायची, परत खाटेवर टेकायची. मग लाईट पुन्हा जायची. चाचांनी एका सुट्टीत हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचा जीव तुटला. लाईट आली की संगणकानं आपोआप चालू व्हायचं, अशी एक सोय असते. ती त्यांनी लावून टाकली.

“म्हातारीला किती उठवायचं, ताई? आता तिनं बटनाला हात लावायचा न्हाई. निवांत पडून ऱ्हायचं.”

बरं केलंत, म्हणाले सगळे. मीही म्हणाले. पान आता सदा उघडं असायचं, चाचांचा चहाही वेळेवर व्हायचा. उघडणारं पान आता काय सांगतंय, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या दिवशीही दहाला उघडलं. ‘व्हय’. चाचांनी बशीत चहा ओतला, मालकांच्या कूलरची नक्कलही करून दाखवली. जेवणाच्या सुट्टीत शेजाऱ्यांचा फोन आला. अम्मा पहाटे नमाजच्या चटईवर पडली होती. दुपारी शेजारीण भाकरी द्यायला गेली तेव्हा नुकताच जीव गेला होता. अंगात अजून ऊब होती.

पान उघडलं नसतं तर चाचांनी दहालाच फोन लावला असता. हे ते एकदाही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

आम्ही कंपनीच्या टेम्पोनं मातीला गेलो. चाचा रडत नव्हते. आलेल्यांना पाणी मिळालं का, एवढंच विचारत होते. मलाही रडू आलं नाही, नुसतं बधिर वाटत होतं. कोपऱ्यात संगणक चालूच होता. कब्रस्तानातून परत आल्यावर चाचा त्याच्यापाशी गेले, तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. काहीच म्हणाले नाहीत.

पुढे त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. चहा घेतला नाही.

“घरी जाऊन ऱ्हातो आता. ते आपोआपचं काढून टाकलं, ताई. आता हातानंच.”

त्यांच्या जागी नवा माणूस आलाय. चांगला आहे, यंत्रावर हात वगैरे ठेवत नाही. चाचांना फोन केला तर ते उचलत नाहीत. मला त्याचा रागही येतो. मग दहाच्या चहाला मी आपली कडी वाजवते. ‘व्हय’ येतं.

दुपारी कधी पान बंद पडतं. खर्ड्याला लाईट गेली असणार. मी बिलं लावत बसते, मध्येमध्ये उघडून बघते. लाईट आली की नाही, ते इथे बसून कळत नाही. पुन्हा बघते, उघडत नाही. हातातलं बिल तसंच राहतं. मग केव्हातरी उघडतं.

म्हणजे चाचा खाटेवरून उठले.