हिअर, लिसन आणि आमची नववी

आमचे इंग्रजीचे सर शिकवताना आधी कान धरत. नुसता धरून ठेवला की म्हणत, "हे हिअर. कानावर पडलं, झालं." मग पीळ देत. "अन् हे लिसन. जीव लावून आयकलं." पांढुर्ण्याच्या शाळेत आमच्या नववीत हा फरक न कळलेला एकही जण नव्हता. माझा डावा कान थंडीत अजून दुखतो असं मी बायकोला सांगतो. ते खोटं आहे, पण सांगायला बरं वाटतं.

सी आणि लुक, से आणि टेल, अशा जोड्या ते फळ्यावर लिहीत. मग आमच्याकडे तोंड करून उभे राहत आणि सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेत. नजर आमच्या ओठांवर. संपलं की, "शाबास. परत एकदा." असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

एकदा सुट्टीची घंटा झाली तरी सर शिकवतच राहिले. शेजारचा वर्ग दारासमोरून पळताना दिसला, तेव्हा थांबले. मागच्या बाकावरच्या सुमननं ते बरोबर हेरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले.

"शाबास. परत एकदा."

पिळलेल्या सगळ्या कानांचं उट्टं निघालं. इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही.

मग सौंसरहून तपासणीचे साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी सरांनी कोणाचाच कान धरला नाही.

"उद्या आवाज चांगला काढजा बाप्पा," ते म्हणाले. "तीन वर्षांपासून मी टेम्परवारी हाये. साहेबानं चांगलं लिहिलं त माही नोकरी पक्की होते."

आम्ही माना डोलावल्या.

साहेब मागे खुर्चीवर बसले. सरांनी छडी उचलली. चाळीस तोंडं उघडली, मिटली. खिडकीतल्या चिमण्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"शाबास," सर साहेबांकडे बघून हसले. "परत एकदा."

आम्ही परत एकदा केलं. मी पहिल्या बाकावर होतो. माझा एकट्याचा आवाज निघाला असता तरी बाकीचे मागोमाग बोलले असते. मी नाही काढला.

"मास्टरजी, ये क्या हो रहा है?" वहीत डोकं घालूनच साहेबांनी विचारलं.

सरांना त्यांचे ओठ दिसले नाहीत. सर हसतच राहिले. दिवाळीनंतर शाळेत इंग्रजीला दुसरे मास्तर आले.

चार-पाच वर्षांनी सर मला तिगावच्या स्टेशनवर दिसले. गाडीची शिटी झाली तरी बाकावर शांत बसून होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी लगेच ओळखलं.

"बोल ना, आयकून राहिलो मी."

नजर माझ्या ओठांवर. मला माफी मागायची होती. तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज काही फुटेना.

"शाबास," सर म्हणाले.